खारवेलीची दिवेलागण

मृणालिनीने कॅमेऱ्यात दिसायचं नाही, एवढं सकाळीच ठरलं होतं. ठरवणारे दोघे आंबर्डेकर, तिचा नवरा सुरेश आणि त्याचा धाकटा भाऊ सुयश. तिला ते सांगितलं गेलं ती सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत असताना, म्हणजे वाद घालायला अगदी गैरसोयीच्या वेळी.

"म्हणजे माझ्याच घरात मी लपून बसायचं?" तिने विचारलं.

"लपून कसलं? स्वयंपाकघरात थांबायचं. एरवीही तू तिथेच असतेस," सुरेश म्हणाला. मग हे काही बरं बोललो नाही हे त्याच्याच लक्षात आलं. "रविवारचं म्हणतोय मी."

तिने पुढचा तुकडा चोळायला घेतला. हॉस्पिटलच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर तिला एक सवय लागली होती. समोरची गोष्ट वाढताना दिसली की लगेच हात लावायचा नाही, आधी ती काय आहे ते नीट पाहायचं.

ही गोष्ट महिनाभर वाढत होती. खारवेलीच्या ग्रामपंचायतीने ठराव मांडला होता: ज्या घरात वर्षभर कोणी राहत नाही त्या घरांना घरपट्टी आणि दिवाबत्ती कर दुप्पट, आणि उन्हाळ्याचे चार महिने नळाचं पाणी बंद. सासरे गेल्यावर त्यांच्या आगरात दोघा भावांनी मिळून बंगला बांधला होता. गणपतीत तो नऊ दिवस उघडायचा, कधी मे महिन्यात आठवडाभर, बाकी वर्ष कुलूप. ठरावाची बातमी आली त्याच दिवशी सुरेशने सरपंचांना अबुधाबीहून फोन लावला आणि सांगून टाकलं की आमचं घर बंद नाही, माझी मिसेस गणपतीपासून तिथेच राहते.

मिसेस त्या वेळी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती.

"आधी बोलून ठेवलं," त्याने नंतर तिला समजावलं होतं, "मग खरं करू. तू डिसेंबरात जा. सहा महिने राहा, मतदार यादीत नाव घाल. निदान एक मत तरी आपलं असेल. आमच्या पासपोर्टवर पुण्याचा पत्ता, म्हणून आमचं मतही पुण्यात. आमचं तिथे काही चालत नाही."

पासपोर्ट काढताना पुण्याचा पत्ता त्यानेच घातला होता, कोकणातलं पोस्ट वेळेवर येत नाही म्हणून. हे मृणालिनीने बोलून दाखवलं नाही. तिने दुसरीच गोष्ट सांगितली: दीड तासावरच्या अल ऐन शहरातल्या नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिला विचारणा झाली आहे, आणि उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं आहे. सुरेश "हो हो, बघू ना" म्हणाला होता. ते बघणं अजून व्हायचं होतं, आणि उद्या सोमवार होता.

*

सुयश आणि त्याची बायको केया दुबईहून साडेबाराला आले. सुयशचं तिथल्या देरा भागात बोटींच्या सुट्या भागांचं ऑफिस होतं, आणि घरात शिरतानाही तो कुणाशी तरी फोनवर "खलास, हबीबी, खलास" करत शिरायचा. केयाने चपला काढल्या त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन.

"वहिनी, मला तर वाटतं तुम्ही नशीबवान," ती म्हणाली. "सहा महिने समुद्र, शांतता. इथे काय आहे? नुसता एसी."

"मग तू जातेस?"

"मी?" केया हसली, पण तिने फ्रिज उघडून त्यात डोकं घातलं. "मला कुठे जमतंय. मला ती पाल पाहूनच ताप येतो."

मृणालिनीला सगळं स्पष्ट दिसलं. घरातल्या दोन सुनांपैकी एक जाणार. केया नोकरी करत नव्हती, म्हणजे हिशेबाने नाव तिचं यायला हवं. म्हणूनच मृणालिनीच्या नशिबाचं कौतुक करायची तिला इतकी घाई होती.

मिथुन कुळये आला तो पांढरा कडक शर्ट घालून, हातात खजुराचा डबा घेऊन. तो अबुधाबीजवळच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत क्रेन चालवायचा, खारवेलीच्या वरच्या वाडीतला होता, आणि त्याची बायको सोनम आता गावची सरपंच होती. ही शेवटची गोष्ट झाली नसती तर या जेवणाला तो आला नसता, हे त्यालाही माहीत होतं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलावलंत, दादा," तो बूट काढत म्हणाला. "म्हटलं, बायको निवडून आली ती माझ्या पोटासाठी."

सुरेश मोठ्याने हसला, गरजेपेक्षा जास्त मोठ्याने. "अरे, काहीतरीच. तू आपलाच माणूस."

"वहिनी कुठे आहेत?" मिथुनने विचारलं आणि लगेच कपाळाला हात लावला. "अरे हो. खारवेलीला."

स्वयंपाकघरातून मृणालिनी म्हणाली, "मिथुन, सोलकढीत लसूण चालते ना तुला?"

"चालते, वहिनी. फोन स्पष्ट येतोय तुमचा."

मृणालिनीची सोळा वर्षांची मुलगी ईशानी इतकी हसली की तिला ठसका लागला. सुरेशने तिच्याकडे रागाने पाहिलं, मग मिथुनकडे पाहिलं, आणि त्याच्याकडे रागाने पाहून चालणार नाही हे आठवून त्याला सुरमईचा मोठा तुकडा वाढला.

"तू फक्त सोनमला समजाव," सुयश जेवताना म्हणाला. "तुझं ऐकेल ती."

"माझं ऐकत असती तर निवडणुकीला उभी राहिली असती का?" मिथुन काटा काढत म्हणाला. "मी नको म्हटलं होतं. सध्या घरी फोन केला तरी आधी विचारते, वैयक्तिक काम आहे की पंचायतीचं?"

"पण हा अन्याय आहे," सुरेशने भाकरी बाजूला ठेवली. या विषयावर त्याची भूक नेहमीच जायची. "कर आम्ही भरायचा आणि बोलायचा हक्क नाही? आमच्या वडिलांची जमीन. दुप्पट म्हणजे दुप्पट? कशाच्या जोरावर? आम्हाला मत नाही म्हणूनच ना?"

"दादा, रक्कम फार नाहीये," सुयश म्हणाला. "दिरहममध्ये पाहिलं तर आपण एकदा बाहेर जेवतो तेवढी. रुपयांत जरा मोठी वाटते. पण प्रिन्सिपल आहे."

"तेच. प्रिन्सिपल!"

मृणालिनी ताटात भात वाढत होती. ती म्हणाली, "इथे पाण्याच्या बिलातून महापालिकेची फी जातेच की. इतकी वर्षं जाते. तुम्ही कधी मत मागितलं नाहीत."



"ते वेगळं," सुरेश म्हणाला.

"कसं वेगळं?"

"इथे आपण पाहुणे आहोत."

"आणि तिथे नऊ दिवस जातो ते?"

"मृणाल, तू आता यात शब्दांचा कीस काढू नकोस. यल्ला, लवकर आवरा, चार वाजायला आले, सभा सुरू होईल."

*

सभा देवळाच्या मंडपात होती. तिथल्या कुणीतरी फोन समईच्या स्टँडला टेकवून ठेवला होता, त्यामुळे गाव जरा तिरकं दिसत होतं. बाहेरगावच्या घरमालकांचं म्हणणं फोनवरून ऐकून घेऊ, असं सोनमने आधीच कळवलं होतं. ऐकून घेऊ एवढंच. मुंबईचे तीन-चार मालक बोलून झाले होते. इकडे सोफ्यावर मध्ये सुरेश, एका बाजूला सुयश, दुसऱ्या बाजूला मिथुन. केया खुर्चीच्या हातावर. फोन ईशानीने पुस्तकांच्या चळतीवर उभा केला होता. मृणालिनी स्वयंपाकघराच्या दाराआड स्टुलावर बसली होती. तिथून तिला नवऱ्याच्या डोक्यावरून फोनचा पडदा दिसत होता, आणि पडद्याला ती दिसत नव्हती.

सोनम कुळये पातळशी, चष्मा लावलेली बाई होती. आवाज मोठा न करता ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची.

"बोला, सुरेशभाऊ."

सुरेशने घसा साफ केला. मुद्दे त्याने पाठ केले होते, आणि ते चांगले होते, हे मृणालिनीला मान्य करावं लागलं. बाहेर राहणाऱ्यांनी घरं बांधली म्हणून गवंडी, सुतार, गडी यांना काम मिळालं. कर आजवर एकदाही थकला नाही. ज्याच्यावर कर बसतो त्याला त्यावर मत देता येत नसेल तर तो दंड झाला.

"बरोबर आहे तुमचं," सोनम म्हणाली. सुरेशने विजयी मुद्रेने सुयशकडे पाहिलं. "मत हवंच माणसाला. मग या ना राहायला. राहिलात की यादीत नाव आपोआप मिळेल, कोण अडवतंय? भाऊ, खालच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे. रस्त्याचे दिवे आम्ही कुलपांसाठी लावतो. एसटी बंद झाली, कारण उतरायला माणूस नाही म्हणतात. शाळेचा एक वर्ग या वर्षी गेला. बंगले वाढले तशी बोअर वाढली, आणि मार्चमध्ये विहिरी तळाला जातात. हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्यांच्याकडून दोन पैसे जास्त मागितले तर दंड?"

"आमच्यामुळे झालं?" सुयश पुढे सरकला. "आम्ही काय शाळा बंद केली?"

"तुमची पोरं असती तर ती चालू राहिली असती."

"आय अ‍ॅम द पोर," ईशानी पुटपुटली. "आय वुड हॅव फेल्ड देअर."

मिथुनने हात वर केला. "मॅडम, माझं नाव यादीत आहे. मी हात वर करू शकतो का?"

"नाव यादीत आहे, तुम्ही देवळात नाही," त्याची बायको म्हणाली. "फोनवरचा हात धरत नाहीत. खाली घ्या."

मंडपात हशा पिकला. मिथुनने हात खाली घेतला आणि सुरेशला म्हणाला, "सांगितलं होतं ना."

"पण आमचं घर या ठरावात येतच नाही," सुरेश म्हणाला. त्याने सरळ बसून घेतलं. मृणालिनीला त्याची पाठ दिसत होती, आणि मानेवरचा तो भाग, जो खोटं बोलताना लाल होतो. "मी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. माझी मिसेस तिथे राहते."

"हो, तेच विचारायचं होतं. मग वहिनी सभेला आल्या नाहीत?"

"तिला जरा बरं नाही. रत्नागिरीला गेलीय, डॉक्टरकडे."

"काय झालं?"

सुरेशने सुयशकडे पाहिलं. सुयश म्हणाला, "पित्त." त्याच क्षणी केया म्हणाली, "गुडघा."

दाराआड मृणालिनीने डोळे मिटले. पन्नाशीला आलेली, आपल्या क्षेत्रात नाव असलेली बाई, स्टुलावर पाय दुमडून बसली होती, आणि तिच्या प्रकृतीवर दोन देशांत चर्चा चालली होती.

तेवढ्यात मंडपातून एक जाड, खणखणीत आवाज आला. "अगो सोनम, मी सांगू का काय ते?"

मुक्ताबाई. आंबर्डेकरांच्या बंगल्याच्या शेजारचं घर त्यांचं. किल्लीही त्यांच्याकडेच असायची.

"सांगा, मुक्ताकाकू."

"त्या घरात कोण नाही. दिवा लागतो तो खरा, पण तो काय माणसाने लावलेला नाय."

"काकू, दिवा रोज लागतो," सुरेश घाईने म्हणाला. "रोज! तुम्ही स्वतः पाहता."

"पाहते तर! म्हणूनच सांगते. आमची दिवेलागण होते, पोरं पाढे म्हणतात, माझा कुकर उतरतो, आणि मग तुमच्याकडे दिवा. रोज तासभर उशिरा. पावसाळ्यात तर त्याहून जास्त. गावात कोण बाई काळोख पडल्यावर तासभर थांबून दिवा लावते?"

मृणालिनीने डोळे उघडले.

तिला ते आजवर सुचलं नव्हतं याची तिला खरोखर लाज वाटली. बंगल्याच्या ओटीवरचा दिवा फोनवरून लावायची सोय सुरेशने स्वतः हौसेने करून घेतली होती. वडील गेल्यापासून ओटीवर अंधार नको, असं त्याचं म्हणणं. रोज संध्याकाळी समोरच्या टॉवरमागे सूर्य गेला की तो हातपाय धुवायचा, देवाला नमस्कार करायचा आणि फोनवरचं बटण दाबायचा. गजर लावून केलेली पूजा ही पूजा नव्हे, म्हणायचा. इतकं मनापासून करायचा की तिनेही कधी विचार केला नाही: इथला सूर्य मावळतो तेव्हा खारवेलीचा कधीच समुद्रात गेलेला असतो. सुरेश इंजिनिअर होता. ती मुलीला भूगोल शिकवायची. आणि इतकी वर्षं खारवेलीत दिवा अबुधाबीच्या संध्याकाळी लागत होता.

"काकू, हे म्हणजे..." सुरेश अडखळला. "तिला यायला उशीर होतो. समुद्रावर फिरायला जाते."

"गुडघा घेऊन?" सोनमने विचारलं.

मंडपात पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, "आता दिवेलागण झालीच आहे. बघूया ना!" फोन उचलला गेला. पडद्यावर खांब गेले, चपलांचा ढीग गेला, मग देवळाच्या पायऱ्या आणि खाली उतरणारी वाट. खारवेलीत काळोख पडत होता. घराघरांत दिवे दिसत होते. त्यांच्या मधोमध मोठा, अंधारा आकार होता तो आंबर्डेकरांचा बंगला.

इकडे दिवाणखान्यात लख्ख ऊन होतं. बाल्कनीच्या काचेतून ते थेट गालिच्यावर पडलं होतं.

"ईशू, माझा दुसरा फोन," सुरेश ओठ न हलवता म्हणाला. "पटकन."

"बाबा, डोन्ट."

"दे म्हणतो ना!"

त्याने टेबलाखाली बटण दाबलं. पडद्यावर, दूर, बंगल्याच्या ओटीवर दिवा लागला.

 मग असा हशा उठला की फोन हातात धरणाऱ्याचा हात हलायला लागला आणि दिवा वरखाली नाचू लागला. "वहिनी आल्या! रत्नागिरीहून आल्या!" एक पोरगा ओरडला. मिथुन सोफ्यात दुमडला होता, तोंडावर उशी धरून.

सोनम हसत नव्हती. फोन परत तिच्यासमोर आला तेव्हा ती चष्मा पुसत होती. "सुरेशभाऊ," ती म्हणाली, "वहिनी आल्या असतील तर त्यांना जरा ओटीवर यायला सांगा. हात हलवला तरी पुरे. मी तुमचं घर बंद घरांच्या यादीतून वगळते."

 मृणालिनीला आता त्याची पूर्ण मानच लाल दिसत होती. सुयश कानात कुजबुजला, "नेट गेलं म्हण. दादा, नेट गेलं म्हण." केया म्हणाली, "मी मुक्ताकाकूंना वेगळा फोन लावू का, किल्ली घेऊन आत जायला सांगते..."

मृणालिनी उठली.

कसली मोठी हिंमत वगैरे नव्हती ती. स्टुलावर बसून तिचा पाय खरंच दुखायला लागला होता, आणि आता आपल्या जागी साडी नेसवून मुक्ताबाईंना उभं करतील, असं तिला दिसू लागलं होतं. तिने पदराला हात पुसले, दिवाणखान्यात आली, सुरेश आणि मिथुन यांच्या मध्ये जागा करून बसली आणि फोन थोडा सरळ केला.

"सोनम, मी मृणालिनी. मी अबुधाबीतच आहे. गणपतीनंतर आले ती इथेच. गुडघा बरा आहे. घर बंद आहे, बंदच लिहा."

समईशेजारी फोन स्थिर झाला होता.  मग मुक्ताबाईंचा चेहरा अगदी पडद्याजवळ आला.

"अगो, किती बारीक झालीस! जेवतेस ना?"

"जेवते, काकू."

"मग येतेस कधी?"

"सुट्टी मिळाली की. लगेच नाही जमायचं." ती जरा थांबली. "मी नवं काम घेतलंय. अल ऐनला. तिथली प्रयोगशाळा माझ्याकडे दिलीय."

शेजारी सुरेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने ती बातमी खारवेलीच्या ग्रामसभेला सांगितली होती, आणि सभेबरोबर ती त्यालाही कळली.

"बरं केलंस," मुक्ताबाई म्हणाल्या. "पण किल्लीचं लक्षात ठेव, माझ्याने आता तुमची ओटी झाडवत नाय."

ठराव मंजूर झाला. हात मोजले गेले. त्यात इकडचा एकही नव्हता.

*

"व्हेरी गुड," फोन बंद होताच सुयश म्हणाला. "एक्सलंट, वहिनी. पाच मिनिटं दिली असतीत तर मी मार्ग काढला असता."

"कसला मार्ग?"

"काहीतरी! आता गावभर शोभा झाली. दुप्पट कर तर बसलाच, वर खोटारडे ठरलो."

"ठरलो म्हणजे? होतोच," ईशानी म्हणाली. रागात तिचं मराठी सुधारायचं.

"तू आत जा. ऐका, अजून काही बिघडलं नाही. ठराव पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतो. तोपर्यंत कोणीतरी जाऊन राहायचं. वहिनी नसतील तर..." त्याची नजर फिरत फिरत खुर्चीच्या हातावर आली. "केया जाईल."

"केया कुठेही जाणार नाही," केया म्हणाली.

"सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"मग तू जा. तुझ्या वडिलांची जमीन आहे. मी काय तुमची दिवा लावायची बाई आहे? वहिनी बरोबर बोलल्या. पहिल्यापासून बरोबर बोलत होत्या."

मृणालिनीने तिच्याकडे पाहिलं. दुपारी फ्रिजमध्ये घातलेलं डोकं तिला आठवलं. पण मदतीला आलेल्या माणसाला तू आत्तापर्यंत कुठे होतीस असं विचारू नये, एवढं तिला कळत होतं. तिने केयासाठी सोफ्यावर जागा केली.

"सगळ्या एक झाल्या," सुयश सुरेशला म्हणाला. "दादा, तू बोल काहीतरी. वहिनींना अल ऐनची नोकरी काय पळून जातेय? सहा महिने राहून या म्हणावं."

"भावजी, एक विचारू?" मृणालिनी म्हणाली. "सहा महिने बाहेर राहिले तर माझ्या व्हिसाचं काय होईल?"

"जाईल. पण मग पुन्हा..."

"नोकरी सोडून गेले तर त्याआधीच जाईल. आणि हे जूनमध्ये रिटायर झाले. यांचा व्हिसा आता कोणाच्या नोकरीवर आहे?"

 सुरेश गालिच्यावरच्या उन्हाकडे बघत होता. त्याने व्हिसाच्या त्या कागदांवर सही केली होती, वैद्यकीय तपासणीला ती त्याच्यासोबत गेली होती, परत येताना दोघांनी चहा घेतला होता. आणि तरी महिनाभर तो तिला गावाला पाठवायचा बेत करत होता, जणू त्याच्या पायाखालची फरशी त्याच्या स्वतःच्या नावावर होती.

"माझ्या," ती म्हणाली. "ईशानीचाही."

मिथुन बूट घालायला उठला होता. तो थांबला. "म्हणजे वहिनी गावाला गेल्या की दादांनाही गावालाच यावं लागेल," तो विचार करत म्हणाला. "मग झालंच की, दादा. घर उघडंच."

या वेळी कोणी हसेल असं वाटलं नव्हतं. पहिला हसला तो सुरेशच, नाकातून, नाइलाजाने. मग केया. सुयश उठला आणि बाल्कनीत जाऊन कुणाला तरी फोन लावू लागला.

मृणालिनीने मिथुनला सुरमईचा डबा भरून दिला. दारात तो म्हणाला, "वहिनी, सोनमला सांगू नका मी उशी धरून हसलो ते."

"तिने पाहिलं असेल."

"पाहिलंच असणार," तो म्हणाला, आणि खूश होऊन लिफ्टकडे गेला.

*

दुबईची मंडळी गेली, भांडी झाली. समोरच्या टॉवरमागे सूर्य उतरला आणि जवळच्या मशिदीतून अजान सुरू झाली, तसा सुरेश सवयीने उठला. त्याने हातपाय धुतले, देवासमोर उभा राहिला, फोन हातात घेतला. मग तसाच उभा राहिला.

"लागलेलाच आहे," तो म्हणाला.

"दुपारी लावलात तुम्ही."

"बंद करू?"

"रात्र आहे तिथे. राहू दे."

तो खुर्चीत बसला. फोन मांडीवर ठेवला. "इतकी वर्षं," तो म्हणाला. "मुक्ताकाकूंनी एकदा तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलं नाहीत. मलाही सुचलं नाही."

"म्हणजे उन्हात दिवा लावायचा? इथे लख्ख ऊन असताना?"

"इथलं ऊन बघून लावू नका."

 ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि लॅपटॉप उघडला. अल ऐनला पाठवायचं उत्तर तिने आठवड्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं, दोन ओळींचं. ते तिने पुन्हा एकदा वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिलं.

"सकाळी किती वाजता निघावं लागेल तिकडे?" मागून सुरेशने विचारलं.

"सहाच्या आत."

"मग चहा पाचला."

तिने वळून पाहिलं. तो चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ धरून गजर लावत होता. एक पहाटेचा लावला. मग जरा थांबून, ओठांशी खारवेलीच्या वेळेचा हिशेब पुटपुटत, दुसरा लावला तो दुपार कलतानाचा.